देणारी जागा

त्वचारोपण झालेल्या माणसास शस्त्रक्रियेनंतर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी ‘कुठे दुखते?’ असे विचारावे, तर तो जखमेकडे बोट करीत नाही, मांडीकडे करतो. यंत्राच्या पट्ट्यात सापडून ज्याच्या पोटरीवरची कातडी गेली, आणि त्या पोटरीचे नुसते ड्रेसिंग बदलावयाचे म्हटले तरी ज्याने आठ-दहा दिवस सारा वॉर्ड डोक्यावर घेतला, तोच मनुष्य आता पोटरीचे नावही न काढता, जिला काहीही झालेले नव्हते आणि जिच्यावरून आम्ही कांद्याच्या पापुद्र्यासारखा एक थर तेवढा उचलून घेतला, त्या निरोगी मांडीची तक्रार सांगू लागतो. याचे कारण शास्त्रदृष्ट्या सोपे आहे. जखमेवर त्वचा बसली की तेथील उघड्या मज्जातंतूंच्या टोकांना पांघरूण मिळते, आणि ज्या जागेवरून ती त्वचा घेतली तेथील टोके आम्ही आमच्या हाताने नव्याने उघडी केलेली असतात. दुःखाची, सरकारी भाषेत सांगावयाचे तर, बदली झालेली असते. पण हा साधा व्यवहार नीट ओळखावयास मला माझ्या सेवेची पहिली कित्येक वर्षे घालवावी लागली, आणि तो मी ज्या रीतीने ओळखला तिची खूण एका मुलीच्या अंगावर कायमची राहून गेली, याचे मला आजही वाईट वाटते.

मी नव्या मुंबईत रुजू झालो तो १९९१ साली. त्या वेळी खाडीवरून वाशीस येणारी रेल्वे सुरू व्हावयाची होती, आणि सिडकोने आखलेल्या या शहरातील कित्येक उपनगरे जमिनीपेक्षा नकाशावरच अधिक होती. परंतु ठाणे-बेलापूर रस्त्याच्या पूर्वेस, पारसिकच्या डोंगराच्या पायथ्याशी पसरलेला कारखान्यांचा पट्टा मात्र रात्रंदिवस चालू असे, आणि पाळी सुटण्याच्या सुमारास, म्हणजे मनुष्य सर्वांत थकलेला असतो नेमक्या त्या घटकेस, आमच्या रुग्णालयाच्या दारात एखादा टेम्पो येऊन थांबत असे. प्रेसखाली सापडलेली बोटे, रोलरने ओढून घेतलेला हात, आम्ल उडालेला चेहरा, ट्रेलरचे चाक गेलेला पाय. मुकादमाची धावपळ, पोलिसांचा जबाब, कामगार विम्याच्या कागदांची जुळवाजुळव ही एकीकडे चालू असे, आणि दुसरीकडे, या उघड्या मांसावर झाकण कशाचे घालावयाचे, हा एकच प्रश्न आमच्यापुढे असे. हाडे जोडणारा आपले काम करून जातो, शिरा सांधणारा शिरा सांधतो. परंतु त्यांच्यावर कातडी आली नाही, तर ते सारे परिश्रम पंधरा दिवसांत पुवाच्या स्वाधीन होतात.

झाकण घालण्याच्या मुख्य तऱ्हा दोन. एक ग्राफ्ट, म्हणजे त्वचेचा सुटा पापुद्रा. मांडीवर औषधी तेल चोळून, साहाय्यकाने लाकडी फळीने कातडी ताणून धरावयाची, आणि हम्बीची सुरी, जिच्या पात्यासमोर जाडी ठरविणारा एक रूळ बसविलेला असतो ती, करवतीसारखी मागेपुढे हलवीत हळूहळू पुढे न्यावयाची. मिलिमीटरचा चौथा हिस्सा, फार तर तिसरा, एवढीच त्या पापुद्र्याची जाडी. पात्यावर तो गोळा होऊ लागला की त्यातून आरपार उजेड दिसतो. मागे राहिलेल्या जागेवर क्षणभर काहीच दिसत नाही, मग टाचणीने टोचल्यासारखे बारीक, दाट, लाल ठिपके उमटतात. ते ठिपके बारीक आणि दाट असले तर हात बरोबर चालला असे समजावे. ठिपके मोठे आणि विरळ झाले तर सुरी खोल गेली. आणि पिवळी चरबी दिसली तर दात्याचे न भरून येण्यासारखे नुकसान झाले. या पापुद्र्याबरोबर रक्त येत नाही. नव्या जागी ठेवल्यावर पहिले दीड-दोन दिवस तो जखमेतून पाझरणाऱ्या लशीवर कसाबसा जगतो. पुढे त्याच्यातील केशवाहिन्यांची तोंडे खालच्या केशवाहिन्यांच्या तोंडांशी जुळू लागतात. आणि पाचव्या दिवशी आम्ही पट्टी सोडतो. या पाच दिवसांत त्याच्याखाली रक्ताची गुठळी साचली, तो जागचा हलला किंवा पू झाला, की सारे संपले. पाचव्या दिवसाची सकाळ मी शेकडो वेळा पाहिली आहे, तरी शेवटचा थर मिठाच्या पाण्याने भिजवून उचलताना माझा श्वास अडकल्यावाचून राहिला नाही. खाली गुलाबी, किंचित जांभळट, जखमेला घट्ट बिलगलेली कातडी दिसली की सिस्टरच्या चेहऱ्यावरून ते आधी कळते.

त्या सकाळी सर्वांचे डोळे जखमेकडे असत. मांडीची पट्टी आम्ही बारा-चौदा दिवस उघडीतही नव्हतो. ती आपोआप बरी होते, असे पुस्तकात लिहिलेले होते, आणि बहुतेक वेळा ते खरेही ठरे. कारण केसांच्या मुळांशी आणि घर्मग्रंथींशी राहिलेल्या पेशींमधून नवी त्वचा पसरत येते.

१९९४ सालची गोष्ट. एकोणीस वर्षांची, महाविद्यालयात जाणारी एक मुलगी पायावरून वाहन गेल्यामुळे आमच्याकडे आली. घोट्यापासून चवड्यापर्यंत कातडी गेली होती. पायास पुढे जोडा लागणार, घर्षण सोसावे लागणार, म्हणून तेथे थोडी जाड त्वचा बसवावी, हा माझा विचार चुकीचा नव्हता. चूक झाली ती हाताची. मांडीच्या पुढल्या भागावर मी सुरी हवी त्याहून खोल नेली, ठिपके मोठे दिसले, आणि ते दिसूनही, पायाचे काम उत्तम होत आहे या समाधानात, मी त्यांच्याकडे दुर्लक्ष केले. पाय खरोखरच उत्तम झाला. मी त्याची छायाचित्रे काढली, आणि एका सभेत ती दाखवून वाहवाही मिळविली. मांडी भरावयास मात्र दोन महिने लागले, आणि भरली ती सपाट भरली नाही: हाताच्या पंजाएवढा, लालसर, टणक, रात्रंदिवस खाजणारा उंचवटा तेथे उभा राहिला. सहा महिन्यांनी ती आईबरोबर तपासणीस आली. मी पायच पाहत होतो. तिने शांतपणे विचारले, “डॉक्टर, पाय छान झाला. मांडीचं काय करायचं?”

तिच्या केसपेपरात मी मांडीसंबंधी काय लिहिले होते ते पाहावे म्हणून दफ्तरातून कागद काढविले. शस्त्रक्रियेच्या नोंदीत चार ओळी पायाच्या होत्या. मांडीचा उल्लेख एका शब्दात होता, आणि तो शब्द केवळ ‘मांडी’ एवढाच होता. त्या दिवसापासून मी माझ्या प्रत्येक रुग्णाच्या कागदावर ‘देणारी जागा’ असे एक वेगळे सदर स्वतःच्या हाताने आखू लागलो: कोणती, किती मापाची, किती जाडीची, कितव्या दिवशी भरली, पुढे कशी दिसली, आणि रुग्ण तिच्याविषयी काय म्हणतो. नव्याने शिकावयास येणारी मुले प्रथम या शेवटच्या प्रश्नावर अडखळत. पण तो रकाना कोरा ठेवण्याची मुभा मी कोणास दिली नाही. त्या मुलीच्या मांडीवर आम्ही पुढे इंजेक्शने दिली, दाबपट्टे बांधले, उंचवटा पुष्कळसा खाली बसला. व्रण गेला नाही.

दुसरी तऱ्हा फ्लॅपची. मराठीत त्यास काय म्हणावे यावर मी पुष्कळ दिवस विचार केला. ‘झडप’ मला कधीच पटले नाही. पदर हा शब्द मला अधिक जवळचा वाटतो, कारण पदर कितीही दूर नेला तरी तो लुगड्यापासून तुटलेला नसतो. जेथे नुसता पापुद्रा जगणार नाही, म्हणजे हाड उघडे आहे किंवा कंडरेवरचे तलम आवरणही निघून गेले आहे, आणि त्यामुळे पापुद्र्यास खालून पाझरच मिळावयाचा नाही, तेथे त्वचा आणि तिच्याखालची चरबी ही तिच्या स्वतःच्या रक्तवाहिनीसह न्यावी लागते. तीन बाजूंनी सोडवावयाची, चौथी बाजू मूळ जागेस जोडलेली ठेवावयाची, आणि नवी जागा तिला आपले रक्त देऊ लागेपर्यंत दोन्ही जागा एकमेकींना बांधून ठेवावयाच्या.

१९९८ साली, पावसाळ्यात, रबाळ्याच्या एका कारखान्यातील पंचविशीचा तरुण आला. प्लॅस्टिकच्या रोलरने त्याच्या डाव्या हाताच्या पाठीवरची सर्व कातडी मोजा उलटा काढावा तशी सोलून नेली होती. बोटे शाबूत होती, हालत होती, आणि हालताना पांढऱ्या कंडरा उघड्यावर सरकताना दिसत होत्या. त्याच्या जांघेवरचा लांबट पट्टा, १९७२ साली मॅकग्रेगर आणि जॅक्सन यांनी वर्णिलेल्या रीतीने, उचलून त्याच्या हातावर शिवला, आणि तो हात तीन आठवड्यांसाठी त्याच्याच जांघेशी जखडून टाकला. हे रुग्णास सांगणे फार कठीण असते. आपला हात आपल्याच अंगास शिवलेला पाहून धट्टीकट्टी माणसेही भेदरून जातात. कागदावर चित्रे काढून मी त्याच्या पत्नीस समजावीत होतो, आणि ती मान हलवीत असली तरी तिच्या चेहऱ्यावर काहीच उमटत नव्हते. खाटेच्या पायथ्याशी त्याची आई बसली होती. देवगडकडच्या, पंचावन्नच्या आसपासच्या बाई. त्या उठल्या, पांघरूण स्वतः बाजूस करून तो शिवलेला भाग त्यांनी वाकून नीट पाहिला, आणि सुनेकडे वळून म्हणाल्या, “ह्यां तर भेटकलम!”

त्यांच्या सासऱ्यांच्या हाताखाली त्यांनी वर्षानुवर्षे आंब्याची कलमे बांधली होती. भेटकलमात फांदी झाडावरून आधी तोडीत नाहीत. कुंडीतील रोप उचलून हापूसच्या फांदीपाशी न्यावयाचे, म्हणजे खुंटानेच झाडाच्या भेटीस जावयाचे. दोहोंची साल सारखी तासून ती उघडी अंगे एकमेकांस टेकवावयाची, केळीच्या सोपटाने घट्ट बांधावयाची, आणि दोघे एकजीव होईपर्यंत फांदीने आपल्या आईचाच रस पीत राहावयाचे. मग तोडावयाची, तीही एका घावात नव्हे. आधी थोडा छेद, आठवड्याने आणखी थोडा, आणि पाने टवटवीत राहिली तरच शेवटचा. आम्ही नेमके हेच करतो. तिसऱ्या आठवड्यात जोडलेल्या मुळाभोवती रबरी नळी आवळून काही मिनिटे रंग पाहतो. हाताकडून आलेल्या रक्तावर पट्टा गुलाबी राहिला, तर दुसऱ्या दिवशी मूळ कापतो. त्या बाईंनी त्यानंतर मला रोज एकच प्रश्न विचारला, आणि तो माझ्या वरिष्ठांनी विचारावा असा होता: झाडाकडची बाजू कशी आहे? त्यांच्या भाषेत झाड म्हणजे मुलाची जांघ. मी चार वर्षांपूर्वी कागदावर आखलेले सदर त्या न सांगता भरून घेत होत्या.

या रीतीचा उगम शोधीत गेले म्हणजे मनुष्य पुन्हा आपल्याच मुलखात येऊन पोहोचतो. सुश्रुतसंहितेत नाक घडविण्यासाठी पानाच्या मापाने गालाची त्वचा घेण्यास सांगितले आहे, हे सर्वांस ठाऊक असते. पण ही विद्या जगापुढे गेली ती पुण्याहून. कावसजी नावाचा एक मराठा शेतकरी, टिपूबरोबरच्या १७९२ च्या लढाईत इंग्रजी फौजेत बैल हाकीत असता, शत्रूच्या हाती लागला, आणि त्याचे नाक व एक हात कापण्यात आला. वर्षभराहून अधिक काळ तो तसाच राहिला. मग पुण्याजवळच्या, विटा पाडणाऱ्यांच्या जातीतील एका कारागिराने त्यास नवे नाक बसविले. कंपनीच्या डॉक्टरांनी ही क्रिया प्रत्यक्ष पाहिली, आणि १७९४ च्या ऑक्टोबरात लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’मध्ये तिची हकिकत छापून आली. मेणाचे पातळ पान नाकाच्या खुंटावर बसवून नाकाचा आकार घ्यावयाचा. ते पान सपाट करून कपाळावर ठेवून भोवती रेघ ओढावयाची. तेवढी त्वचा सोडवावयाची, पण दोन भुवयांमध्ये एक अरुंद पट्टी न कापता ठेवावयाची, कारण तिच्यातूनच रक्त चालू राहते. मग ती त्वचा अर्धा वळसा देऊन खाली आणावयाची आणि खुंटाभोवती घेतलेल्या छेदात तिच्या कडा बसवावयाच्या. सांध्यावर भिजविलेल्या काथाच्या पट्ट्या, चार दिवसांनी त्या काढून तुपात बुडविलेली फडकी, आणि भुवयांमधली पट्टी कापावयाची ती पंचविसाव्या दिवसाच्या सुमारास. ती हकिकत मी वयाच्या पन्नाशीत पुन्हा वाचली, तेव्हा देवगडच्या बाईंच्या मुलाचा एकविसावा दिवस आठवून अंगावर काटा आला.

लंडनमध्ये जोसेफ कार्प्यू यांनी ती हकिकत वाचून प्रेतांवर सराव केला, १८१४ साली ती क्रिया प्रथम केली, आणि १८१६ मध्ये ग्रंथ लिहिला. पुढल्या शतकात, पहिल्या महायुद्धातील छिन्न चेहऱ्यांवर काम करताना, हॅरॉल्ड गिलीज यांनी या विद्येचा फार मोठा विस्तार केला. आणि गिलीज यांच्या हाताखाली शिकलेले डॉ. नोशीर अंतिया परत येऊन पुण्याजवळच्या कोंढव्यात कुष्ठरुग्णांची बसलेली नाके आणि वाकडे झालेले हात दुरुस्त करू लागले. पुण्याहून निघालेले नाक दीडशे वर्षांहून अधिक काळ फिरून पुण्यास परत आले, असे मी विद्यार्थ्यांना सांगत असे.

पण त्या जुन्या हकिकतीतील ज्या ठिकाणी माझे मन अडते ते ठिकाण शेवटी आहे. नाकासंबंधी सर्व तपशील झाल्यावर, अखेरच्या अर्ध्या वाक्यात, लेखक म्हणतो की कपाळावरचा व्रणही काही काळाने फारसा दिसून येत नाही. एवढेच. कपाळ किती दिवस उघडे राहिले, ते कशाने झाकले, कावसजीस ते किती दुखले, हे कोणी लिहिले नाही. कपाळाच्या कातडीने नाक केलेल्या माणसास पहिले काही आठवडे नाकावर माशी बसली तर ती कपाळावर बसल्यासारखी वाटते, आणि तो हात कपाळाकडे नेतो. हे मी डोळ्यांनी पाहिलेले आहे. तंबाखूपायी ज्यांचा गाल कापून काढावा लागतो, त्यांच्या तोंडाच्या आत छातीची कातडी बसविली, तर तेथे छातीवरचे केस उगवत राहतात. घेणारी जागा विसरली तरी देणारी विसरत नाही, आणि ज्या अंगाची कातडी मूळची त्या अंगाचाच स्वभाव ती नव्या ठिकाणी पाळते.

रबाळ्याच्या तरुणाचा हात जांघेशी जखडलेला होता त्याच तीन आठवड्यांत, वॉर्डाच्या टोकाच्या खोलीत, बावीस-तेवीस वर्षांची एक विवाहिता होती. अंगाचा साठ टक्क्यांहून अधिक भाग भाजलेला. स्टोव्हचा भडका उडाला, अशी तिची जबानी दफ्तरी दाखल झाली होती, आणि तीत तिने कोणाचेही नाव घेतले नव्हते. अशा रुग्णाच्या बाबतीत आमची सारी विद्या एका ठिकाणी येऊन थांबते: जखम झाकावयास त्वचा हवी, आणि त्वचा घ्यावयास जागा उरलेली नाही. मांड्या भाजलेल्या, पाठ भाजलेली, पोट भाजलेले. उघड्या जखमांतून अंगातले पाणी आणि प्रथिने वाहून जातात, आणि जंतू आत येतात. तिच्या आईने विचारले, “माझी चालंल का?”

चालते, पण थोडेच दिवस. दुसऱ्याची त्वचा शरीर दोन-तीन आठवड्यांनी झिडकारते. तेवढ्या मुदतीत तिची स्वतःची जी थोडी चांगली कातडी उरली होती तीवरून एकदा घेऊन, ती जागा भरली की पुन्हा घेता येईल, अशी आमची तजवीज होती. आईच्या दोन्ही मांड्यांवरून आम्ही पापुद्रे घेतले. लेकीच्या अंगावर ते छान धरले; पाच-सहा दिवस तिचा ताप उतरला, ती दोन शब्द बोलू लागली, लिंबाचे सरबत मागू लागली. सतराव्या दिवशी आईची कातडी कडांनी सुटू लागली, आणि चोविसाव्या दिवशी पहाटे ती मुलगी गेली. शवविच्छेदनानंतर प्रेत ताब्यात मिळाले तेव्हा, मांड्या अजून नीट भरलेल्या नसल्याने पाय फाकवून चालणारी ती आई, आणि तिच्या काखेत हात घालून तिला सांभाळीत नेणाऱ्या देवगडच्या बाई, या दोघी वॉर्डाच्या लांब व्हरांड्यातून जाताना मी पाहिल्या. आईच्या केसपेपरात ‘देणारी जागा’ या सदराखाली मी काय लिहावे हे मला त्या दिवशी सुचले नाही.

शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात डॉ. माधुरी गोरे यांच्या पुढाकाराने त्वचापेढी सुरू झाली ती २००० साली. म्हणजे त्या मुलीस दोन वर्षे उशीर झाला. पुढे ऐरोलीच्या नॅशनल बर्न्स सेंटरमध्येही त्वचापेढी उभी राहिली, आणि जे जिवंत आईच्या मांडीवरून घ्यावे लागत होते ते मृत माणसाकडून मिळण्याची सोय आमच्या दाराशी आली. मृत्यूनंतर सहा तासांच्या आत, अठरा वर्षांवरील कोणाचीही, वयाची वरची मर्यादा नाही, रक्तगट जुळविण्याची गरज नाही. कावीळ, एचआयव्ही, त्वचेचा कर्करोग यांसारखे काही असल्यास मात्र घेत नाहीत. ग्लिसरॉलमध्ये, थंड जागी, ती काही वर्षे टिकते. नेत्रदान लोकांच्या अंगवळणी पडले आहे. त्वचादान म्हटले की चेहरे बदलतात, कारण ‘कातडी काढणे’ या शब्दांना आपल्या भाषेत शिक्षेचा वास आहे.

२०१३ सालच्या जानेवारीत, रात्री अकराच्या सुमारास, मला फोन आला. रबाळ्याचा तो तरुण आता चाळिशीचा झाला होता, आणि कोपरखैरण्यात सिडकोच्या छोट्या घरात राहत होता. आई संध्याकाळी गेली होती. “डॉक्टर, आईनं सांगून ठेवलंय. ऐरोलीला फोन केलाय, ते निघालेत. पण तुम्ही आलात तर बरं होईल. मामा ऐकत नाहीत.”

मी गेलो. खोलीत उदबत्तीचा धूर, भिंतीशी बसलेल्या बायका, आणि दारातच उभे असलेले सत्तरी ओलांडलेले मामा. ते रागावलेले नव्हते. ते हादरलेले होते. भाच्याचा हात धरून ते म्हणत होते, “अरे, आईच्या पायांत आपल्या कातड्याचे जोडे घातले तरी ऋण फिटत नाही म्हणतात, आणि तू तिचंच कातडं काढायला माणसं बोलावलीस?” या वाक्याला माझ्याजवळ उत्तर नव्हते, आणि कोणत्याही वैद्यकीय पुस्तकात ते मिळाले नसते. भाच्याने मामांचा हात सोडविला नाही. तो म्हणाला, “मामा, मला लागली तेव्हा माझ्याच अंगावर होती. त्या पोरीच्या अंगावर उरली नव्हती. तिच्या आईची काढली, ते आपल्या आईनं बघितलं. तेव्हाच म्हणाली होती, जित्या बाईची कशाला काढायची, माझी ठेवा म्हणून.”

मामा बराच वेळ बोलले नाहीत. मग त्यांनी मला विचारले, “तोंडाला हात लावणार?” नाही, मी सांगितले. “हातांना?” नाही. मांड्या, पोटऱ्या आणि पाठ. तेही वरचा पापुद्रा, सगळी कातडी नव्हे. नंतर पट्ट्या बांधतात, लुगड्याखाली काही दिसत नाही. ते दारातून बाजूला झाले.

पेढीची माणसे चार होती. त्यांनी मुलाची लेखी संमती घेतली, डॉक्टरांचा दाखला पाहिला, तपासणीसाठी रक्त घेतले, आणि दार लोटून घेतले. मी त्यांच्या परवानगीने आत राहिलो, आणि मदतनीस म्हणून पाय धरले. तेल चोळलेल्या पाठीवरून विजेवर चालणारे ते लहानसे यंत्र गुणगुणत पुढे सरके, आणि त्याच्या मागे चार बोटे रुंदीची, आरपार उजेड दिसेल अशी पट्टी उलगडत येई. जिवंत माणसाच्या मांडीवर जे लाल ठिपके पाहण्याची माझ्या डोळ्यांना सवय होती ते येथे उमटले नाहीत. जागा फिकट, स्वच्छ, ओलसर राहिली. पट्ट्या बरणीत जात होत्या, आणि माझे लक्ष राहून राहून बाईंच्या डाव्या अंगठ्याकडे जात होते. त्याच्या पेरावर आडवे, जुने, पांढरे पडलेले पाच-सहा वार होते, एकाखाली एक. कलमाची साल तासताना सुरी निसटली की ती नेमकी तेथे लागत असावी. पाऊण तासात काम संपले. पट्ट्या बांधल्या, बायकांनी आत येऊन लुगडे नेसविले. मामांनी जवळ जाऊन चेहरा पाहिला, दोन्ही हात पाहिले, पायांवरून हात फिरविला, आणि बाहेर येऊन पायरीवर बसले.

गाडी ऐरोलीकडे निघून गेली, तेव्हा मी आणि तो बाहेर उभे होतो. रस्त्याच्या दिव्याखाली त्याच्या डाव्या हाताची पाठ चांगलीच गुबगुबीत दिसत होती. जांघेची चरबी हातावर नेली म्हणजे ती जांघेच्याच वळणाने वागते. पोट सुटले की हातही भरतो. तो बोटे मिटून-उघडून पाहत होता. त्याने विचारले, “ही आता कोणाला लावणार?” ते सांगता येत नाही, मी म्हणालो, तपासण्या होतील, काही आठवडे जातील, मग ज्यास लागेल त्यास. “आणि ती कायम राहील?” मला खोटे सांगवेना. राहणार नाही, मी म्हणालो. दोन-तीन आठवडे जखम झाकून धरील, तेवढ्यात त्या माणसाची स्वतःची कातडी पुन्हा घेता येण्याजोगी होईल, आणि मग ही गळून पडेल.

तो थोडा वेळ गप्प राहिला. मी मनात म्हणत होतो की आज हे सांगावयास नको होते.

“म्हणजे ती कलम नाही,” तो म्हणाला. “वरचं सोपट.”

आतून मामांनी त्याला हाक मारली. तिरडीचे सामान आणावयास कोणीतरी वाशीस जावयाचे होते, आणि तो चपला घालून निघाला.